आबांचा नवा जोडा

नवा जोडा हवा म्हणून हट्ट करायचा तो मुलांनी आणि 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणायचे ते मोठ्यांनी, ही घराघरांतली रीत. लखनऊच्या वृंदावन योजनेतल्या एका मराठी घरात मात्र २०२५ साली हे सगळे उलटे झाले. हट्ट धरला होता एकाहत्तर वर्षांच्या आबांनी, आणि तोही असातसा नाही. जोडा चामड्याचाच हवा, सायकलवर चालला पाहिजे, डोंगरावर टिकला पाहिजे आणि वर 'आपल्या पद्धतीचा' असला पाहिजे!

आबा मूळचे गडहिंग्लजकडचे. १९७८ साली ते मानकनगरच्या रेल्वे संशोधन संस्थेत नोकरीला आले आणि लखनऊचेच झाले. निवृत्तीनंतर रायबरेली रोडलगतच्या या वसाहतीत घर घेतले. रस्ते रुंद, सकाळी रहदारी कमी. सायकल चालवायला याहून काय हवे? २०२० च्या फेब्रुवारीत इथेच डिफेन्स एक्स्पो भरले होते, तेव्हा आबा रणगाडे बघायला सायकलवरून गेले होते. पायात अर्थातच कोल्हापुरी.

बोलीत हिंदी शिरली, आमटीच्या जागी अरहरची डाळ आली, पण पायताण बदलले नाही. गावी गेले की कापशीची एक जोडी यायचीच. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कित्येक दिवस मुरवून कमावलेले कातडे, थरावर थर ठेवून वादीने शिवलेला तळ, खिळ्याचे नाव नाही. पहिले आठ दिवस ती चावते, तेल पिते, आणि मग पायाचा आकार घेते तो कायमचा. कॉलेजात असताना पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंतची वाट याच चपलांनी तुडवल्याचे आबा सांगत. ती डिसेंबरात तुडवली होती, हे मात्र आजी आठवणीने जोडत. पावसात भिजलेली कोल्हापुरी म्हणजे भिजलेला पापड!

जूनमध्ये एका सकाळी आबा सायकल लावून आत आले आणि आजींना फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. दारापासून खुर्चीपर्यंत. चपलेच्या अंगठ्याने बोट सोलून निघाले होते, आणि आबांना पत्ताच नव्हता.

"अहो, दुखत नाही का?" आजींनी विचारले.

"कुठे काय?" आबा म्हणाले आणि वाकून बघतात तो त्यांचाच चेहरा उतरला.

मधुमेह पंधरा वर्षांचा. डॉक्टरांनी नायलॉनचा एक बारीक धागा घेतला, आबांना डोळे मिटायला सांगितले आणि तो धागा तळपायावर ठिकठिकाणी टेकवला. टाचेवर कळले, चवड्यावर अर्धवट कळले, अंगठ्यावर मुळीच कळले नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "चालणे सोडू नका, सायकलही चालवा. पण पाय झाकून. बोटांत अडकणारे काही घालायचे नाही, घरातसुद्धा अनवाणी फिरायचे नाही. जोडा घालण्यापूर्वी आत हात फिरवायचा आणि रोज रात्री तळपाय कुणाला तरी दाखवायचे." जखम होण्यापेक्षा ती झाल्याचे न कळणे जास्त धोक्याचे, हे त्यांनी आजींना वेगळे बोलावून सांगितले. मधुमेहात पाय कापायची पाळी येते ती बहुधा अशाच एखाद्या क्षुल्लक फोडापासून.

याच सुमारास कोल्हापूरहून मेहुण्यांचा फोन आला. मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारखीच पायताणे दाखवली म्हणून तिकडे गदारोळ उठला होता. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांना या चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा तर नामोल्लेखही नव्हता. पुढे कंपनीने मूळ प्रेरणा भारतीय असल्याचे कबूल केले. एरवी आबा तासभर बोलले असते. त्या दिवशी "बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला. साऱ्या जगाने कोल्हापुरी पायात घालायची आणि आपणच काढायची!

नातवाला दिवाळीनंतर नैनितालला न्यायचे त्यांनी कबूल केले होते. "आबा, आपण जायचंच," नातू म्हणाला. त्याने माळ्यावरून खोके काढले. मुलाने सहा वर्षांपूर्वी पाठवलेले महागडे डोंगरी बूट आबांनी एकदाही घातले नव्हते. बूट पायात घालून अंगणात वीस पावले टाकली आणि तळ चक्क भाकरीसारखा तुटून पडला. अशा तळात वापरतात ते पॉलियुरेथेन हवेतला ओलावा शोषून वर्षानुवर्षे आतून कुजते, न वापरता ठेवले तरी. आयुष्यभर पदार्थांची परीक्षा घेतलेल्या आबांना हे पटले, आणि चामड्याचा हट्ट आणखी घट्ट झाला.

मग शोध सुरू झाला. अमीनाबादेत नक्षीदार जूत्यांच्या राशी. पारंपरिक जूतीला डावे-उजवे नसते, पायच तिला वळण लावतात. पण टोक निमुळते आणि पाय धरायला बंद नाही. सायकलवर टाच निसटणार. कानपूर जवळच, शिवाय चामड्याचे माहेरघर. इंग्रजांनी १८६० च्या दशकात तिथे घोड्यांच्या खोगिरांचा कारखाना काढला आणि पहिल्या महायुद्धात तिथल्या कूपर ॲलनने फौजेला बूट पुरवले. आबा एक दिवस तिकडेही जाऊन आले. शिपायाचे बूट मिळाले, मजबूत पण जड, आणि बोटांशी आतून जाड शिवण. अंगठ्याला कळणार नाही अशी नेमकी तीच जागा.

नातू रोज नवी माहिती आणायचा. एव्हरेस्टवर १९२४ साली गेलेल्या मॅलरीचा देह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा त्याच्या पायात खिळे ठोकलेला चामडी बूट तसाच होता. सायकल शर्यतीतले स्वारही १९७० च्या दशकात चामड्याचेच बूट घालत, तळ कडक ठेवून, कारण मऊ तळातून पॅडल टोचते. "म्हणजे मी काही वेडा नाही," आबा आजींकडे बघत म्हणाले.

शेवटी चौकातल्या एका गल्लीत मापाने जोडे शिवणारे एक वृद्ध कारागीर भेटले. आबांनी सकाळी पाय पुढे केला, तर त्यांनी मापच घेतले नाही.

"बाबूजी, संध्याकाळी या. पाय दिवसभरात फुगतो. सकाळच्या मापाचा जोडा संध्याकाळी चावतो."

संध्याकाळी त्यांनी आबांना कागदावर उभे करून दोन्ही पायांची रेघ काढली. डावा पाय उजव्यापेक्षा मोठा निघाला. एकाहत्तर वर्षांत हे आबांना कुणी सांगितले नव्हते. दुकानातला जोडा दोन्ही पाय सारखेच धरून चालतो, त्याचा तरी काय दोष?

पुढे मात्र दोघांचे जुंपले. आबांना सगळे चामडे बाभळीच्या सालीत कमावलेले हवे होते आणि तळाखाली रबर चालणार नव्हते. "उस्ताद, रबर लावायचे तर मग बाजारातलाच घेईन." कारागीर हसले. तळ सालीचा देतो म्हणाले, तो घाम पितो आणि आकार धरतो. वरचे चामडे मात्र क्रोमचे घ्या, ते मऊ राहते आणि ओले झाले तरी कडक होत नाही. क्रोममुळे गंगेत काय जाते यावर आबांनी व्याख्यान दिले. कारागिरांनी ते संपूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाले, "पण बाबूजी, पाय तुमचा आहे. आणि नुसते चामडे पॅडलवरून सरकते. पडलात तर?"

आबा गप्प झाले. रबराचा पातळ थर कबूल झाला. पुढे रुंद, आत शिवण नाही, घोट्याखाली बुटकी टाच, वर नाडी. किंमत ऐकून आजी काही बोलल्या नाहीत, हेच विशेष.

तीन आठवड्यांनी जोडा आला. पहिल्या दिवशी एकच तास, असा आजींचा दंडक. चौथ्या दिवशी डाव्या टाचेवर लालसर डाग दिसला. जोडा परत गेला, फर्म्यावर चढवून दोन दिवस ताणला गेला, आणि डाग पुन्हा उमटला नाही. सायकलवर तळ वाकला नाही. नाडीचे टोक मात्र दोनदा साखळीत जाता जाता वाचले. तेव्हापासून आबा ते आत खोचतात.

नोव्हेंबरात रात्रीच्या गाडीने तिघे काठगोदामला उतरले आणि नैनितालला पोहोचले. नातवाला नैना शिखरावर जायचे होते. डॉक्टरांनी मात्र त्याच्या निम्म्याचीच परवानगी दिली होती. म्हणून स्नो व्ह्यूची चढण धरली. वाटेवर वाळल्या पानांचा थर, खाली दगड. एका वळणावर आबांचा पाय सरकतो की काय असे वाटले, पण रबराने धरले. आबांनी खाली बघितले, बोलले काही नाही.

वर नंदादेवी लख्ख दिसत होती. आजी बाकावर बसल्या, डबा उघडला. नातू तेवढ्यात आबांसमोर मांडी घालून बसला, नाड्या सोडल्या, मोजे काढले आणि दोन्ही तळपाय उजेडाकडे वळवून नीट पाहिले. बोटांच्या मधूनसुद्धा.

"काही नाही, आबा."

"डावी टाच बघ पुन्हा," आजी म्हणाल्या.

त्याने पुन्हा बघितली.