पार्सलावरचा पत्ता

आमच्या वसाहतीत अर्ज लिहायचा म्हटला की लोक माझ्याच दारात येतात. रेशनकार्डात सुनेचे नाव चढवायचे असो, दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र असो, की गिरणीत गेलेल्या बापाच्या फंडाची चौकशी असो. "भाऊ, तेवढं जरा लिहून द्या," म्हणून कागद पुढे होतो. बी.कॉम. झालो, कचेरीत कारकून म्हणून लागलो, वीस वर्षे आवक-जावक नोंदवहीत घालवली, त्यामुळे अक्षर बरे आहे. या कामाचा मी कोणाकडून चहासुद्धा घेत नाही. आजवर कोणाला नाही म्हटले नाही, असे मी विहारातल्या बैठकीत छाती पुढे काढून सांगत असे. २०२० च्या नोव्हेंबरपासून मला तसे सांगता येत नाही.

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. आजोबांच्या काळातच घराणे ख्रिस्ती झालेले. मुंबईत एका इस्पितळात आया म्हणून आयुष्य काढले, आता निवृत्त आहेत. बोलणे आमच्यासारखे, भाकरी आमच्यासारखी. चौदा एप्रिलला आमच्याकडची खीर त्यांच्याकडे जाते, नाताळात त्यांच्याकडच्या करंज्या आमच्याकडे येतात. तरी वस्तीतली काही माणसे त्यांना पाठीमागे 'किरिस्ताव' म्हणतात. आजा तांदळाच्या पोत्यासाठी बाटला, असेही वर जोडतात. वाचकहो, हे म्हणणारे आपलेच लोक आहेत, हे लिहिताना मला लाज वाटते. आपल्याला कोणी नाक मुरडून 'नवबौद्ध' म्हटले, 'सरकारचे जावई' म्हटले, की आपल्याला किती झोंबते! आणि तसलेच शब्द आपल्या तोंडी किती सहज येतात!

तर एके दिवशी संध्याकाळी मावशी हातात पिशवी घेऊन आल्या. पिशवीत झाकणाला नळी लावलेली प्लॅस्टिकची बाटली होती. लहान मुले शाळेत नेतात तसली.

"भाऊ, ही पोस्टानं पाठवायची हाय. तळोजाच्या जेलला. वर पत्ता टाका."

"कोणासाठी मावशी?"

"त्या फादरसाठी. तुमच्या कोरेगावच्या केसमधल्या. हात थरथरतो, गिलास धरता येत नाही म्हणं."

मी पेन हातात घेतले आणि खाली ठेवले. म्हणालो, "मावशी, ते राजकारण आहे. आपण त्यात न पडलेलं बरं."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "पाणी पिण्यात कसलं राजकारण?" एवढेच बोलल्या, बाटली पिशवीत घातली आणि गेल्या. पत्ता त्यांनी सातवीतल्या नातवाकडून लिहून घेतला.

मी भित्रा माणूस नव्हतो, हे सांगितले तर कोणाला पटेल? १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला आपल्या लोकांवर हल्ला झाला, ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. त्यानंतर आमच्या वस्तीतली पोरे रात्री घरातून उचलली गेली. दोन रात्री मी पोलीस ठाण्याच्या बाहेर फुटपाथवर बसून होतो, आईबापांचे अर्ज मीच लिहिले. तेव्हा भीती वाटली नाही. पुढे जून २०१८ पासून याच प्रकरणात अटका सुरू झाल्या आणि 'शहरी नक्षलवादी' हा शब्द वर्तमानपत्रातून आमच्या कचेरीत आला. दुपारच्या चहाला एक सहकारी हसत म्हणाला, "काय, तुम्ही पण शहरी का?" सगळे हसले, मीही हसलो. घरी जाताना टेबलाच्या काचेखालचा मोर्च्याचा फोटो काढून पाकिटात ठेवला. नोकरी, घराचे कर्ज, मुलीची बारावी. दंडुक्याला मी घाबरलो नव्हतो, त्या एका शब्दाने घाबरलो.

ते फादर म्हणजे स्टॅन स्वामी. तमिळनाडूत तिरुचिरापल्ली जिल्ह्यात १९३७ साली जन्मलेले, येशूसंघाचे धर्मगुरू. काही वर्षे बंगळूरच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे संचालक होते. त्यांनी मनात आणले असते तर तिथेच पुस्तके चाळत म्हातारे झाले असते. पण त्यांचा जीव झारखंडच्या आदिवासींत गुंतलेला. रांचीजवळ नामकूमला 'बगईचा' नावाचे केंद्र काढून ते तिथे राहिले. घटनेच्या पाचव्या अनुसूचीत आदिवासींच्या जमिनीला जे संरक्षण आहे आणि १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जो अधिकार दिला आहे, तो कागदावरच का राहिला, हा त्यांचा प्रश्न. आणि दुसरा त्याहून अडचणीचा. झारखंडच्या तुरुंगांत शेकडो आदिवासी पोरे 'नक्षलवादी' म्हणून कोंडलेली, खटला चालत नाही, सुटका होत नाही. त्यांच्यासाठी फादरनी हायकोर्टात जनहित याचिका केली. या शब्दाखाली गरिबाला कसे वर्षानुवर्षे डांबले जाते, हे ज्या माणसाने पाहून लिहून ठेवले, त्यालाच तो शब्द चिकटवण्यात आला!

८ ऑक्टोबर २०२० रोजी एनआयएने त्यांना अटक केली. वय ८३. त्याआधी पाच दिवस मिळून पंधरा तास चौकशी झाली होती. अटकेआधी रेकॉर्ड केलेल्या निवेदनात ते म्हणाले की मी जन्मात कधी भीमा कोरेगावला गेलेलो नाही. पार्किन्सनच्या आजाराने हात कापायचे, दोन्ही कानांनी ऐकू कमी. ६ नोव्हेंबरला त्यांनी कोर्टात अर्ज केला की मला पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर द्यावा. आता मी कारकून माणूस, अर्जाचा प्रवास मला कळतो. उत्तर द्यायला तपास यंत्रणेने वीस दिवस घेतले आणि उत्तर असे की तुमचा सिपर आम्ही जप्त केलेलाच नाही. मग तुरुंगाचे म्हणणे मागवले गेले. पुढे तुरुंगाने दिला म्हणतात. त्या दिवसांत देशभरातून लोकांनी पोस्टाने सिपर पाठवले, त्यातली एक बाटली आमच्या मावशींची.

तुरुंगातून फादरनी मित्रांना पत्रे लिहिली. त्यांत तक्रार कमी, सोबतच्या कैद्यांची चौकशी जास्त. कोण जेवायला मदत करतो, कोण आंघोळीला, गरीब घरची दोन पोरे गुडघे कसे चोळून देतात, हे त्यांनी कळवले.

ही गोष्ट एकट्या आपल्या देशाची नाही. ब्राझीलमध्ये रेसिफेचे आर्चबिशप हेल्डर कामारा यांना लष्करी राजवटीच्या काळात 'लाल बिशप' म्हणत. ते सांगत की मी गरिबाला जेवू घातले की मला संत म्हणतात, तो गरीब का राहिला असे विचारले की कम्युनिस्ट म्हणतात. दया करायला कोणाची ना नाही. दयेच्या पुढचा प्रश्न विचारला की छाप्याला सुरुवात होते.

आणि तो प्रश्न विचारावा असे तर बाबासाहेबांनीच ख्रिस्ती समाजाला सांगितले होते. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयी आदर दाखवला, आणि तिथेच त्यांच्या तोंडावर म्हणाले की तुमच्या समाजाने सामाजिक अन्याय दूर करण्यासाठी लढा दिलेला नाही. पाहुणा म्हणून बोलावल्यावर यजमानांना असे सुनवायला बाबासाहेबच हवेत. ऐंशीएक वर्षांनी त्या समाजातला एक म्हातारा तो लढा लढत तुरुंगात गेला, आणि त्याला पाण्याची बाटली पाठवायला बाबासाहेबांच्या या लेकराचे अक्षर उपलब्ध नव्हते.

विहारात भन्तेजी आजारी भिक्खूची गोष्ट सांगतात. अतिसाराने पडलेला, घाणीत लोळत असलेला, कोणी जवळ जात नाही. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि स्वतः त्याला धुतले. ही गोष्ट मी बालसंस्कार वर्गात किती वेळा सांगितली असेल! त्या भिक्खूजवळ इतर का जात नव्हते, तर तो संघाच्या काही कामाचा राहिला नव्हता, म्हणून. माझे कारण त्याहूनही हलके होते.

२२ मार्च २०२१ ला जामीन नाकारला गेला. २१ मे रोजी हायकोर्टात व्हिडिओवरून ते म्हणाले की तुरुंगात आलो तेव्हा माझे मी खात होतो, चालत होतो, आता ते राहिले नाही. सरकारी इस्पितळात जाण्यापेक्षा इथेच मेलो तरी चालेल, मला माझ्या माणसांत राहायचे आहे. कोर्टाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात नेले, तिथे कोरोना निघाला. ५ जुलै २०२१ ला जामिनाचा अर्ज सुनावणीला असतानाच डॉक्टरांनी न्यायमूर्तींना सांगितले की अर्जदार वारले. खटला उभा राहिला नाही, गुन्हा शाबीत झाला नाही. २०२२ च्या डिसेंबरात आर्सेनल या अमेरिकन प्रयोगशाळेचा अहवाल आला की त्यांच्या संगणकात फायली बाहेरून घुसवल्या होत्या. यंत्रणेने तो मानलेला नाही.

त्या ५ जुलैच्या संध्याकाळी मी मावशींकडे गेलो. येशूच्या तसबिरीपुढे मेणबत्ती होती. सौभाग्यवती आधीच जाऊन बसली होती. मी म्हणालो, "मावशी, माझं चुकलं." मावशी म्हणाल्या, "बसा, चहा टाकते." मग चहा पिताना त्यांनी मला सांगितले की येशूने न्यायाच्या दिवसाची एक गोष्ट सांगितलीय. त्यात विचारणा एवढीच आहे की भुकेल्याला दिलं का, तहानेल्याला दिलं का, तुरुंगातल्याला भेटायला गेलास का. "त्यो कुठल्या पक्षाचा, हे त्यात कुठं नाय हो भाऊ," त्या म्हणाल्या.

बाटली पोहोचली का, हे मी विचारले. त्यांनाही ठाऊक नव्हते. बायबलातून घडी केलेली पोस्टाची पावती काढून त्यांनी माझ्या हातात दिली. मी सवयीने वाचली. नातवाने तळोजाच्या पिनकोडातला एक आकडा चुकवला होता.