गच्ची सोळा घरांची

आमच्या इमारतीत कुणाला कशाची भीती वाटते, हे तो कितव्या मजल्यावर राहतो यावरून सांगता येतं. तळमजल्याला उल्हास नदीची भीती. तिसऱ्या मजल्याला गच्चीची. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याला दोन्हींची नाही, आणि 16 पैकी 8 घरं त्याच दोन मजल्यांवर आहेत. सभेत खर्चाचा कुठलाही ठराव आला की त्याचं काय होणार, ते ही 8 घरं ठरवतात. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, काही वर्षं सोसायटीची सेक्रेटरी होते, आणि जुन्या इमारतीत राहणं म्हणजे नेमकं काय, हे मला या मधल्या मजल्यांनीच शिकवलं.

कर्जतला अशा इमारती 1990 च्या आगेमागे उभ्या राहिल्या. सीएसएमटीपासून 100 किलोमीटर. लोकलने दोन तासांच्या आसपास. गिरगाव-दादरच्या चाळीतून, कल्याण-डोंबिवलीच्या भाड्याच्या खोल्यांतून माणसं आली, कारण त्यांच्या पगारात स्वतःचं घर इथेच बसत होतं. काही कुटुंबं रेल्वेची. भोर घाट चढायला गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, त्यामुळे इथे रेल्वेचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या आहे. दहिवली, मुद्रे, भिसेगाव या बाजूंना भातखाचरं एनए झाली आणि तिथे तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, वर सपाट गच्ची, असा नकाशा उभा राहिला. हाच नकाशा कल्याणला होता, डोंबिवलीलाही होता. कर्जतसाठी त्यात कुणी काही बदललं नाही.

तो नकाशा बदलायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे. एका अंगाला माथेरानचा डोंगर, समोर घाटाची भिंत. जूनमध्ये ढग इथे येऊन अडकले की आठवडा-आठवडा हलत नाहीत. इथली जुनी घरं उतरत्या छपराची आणि कौलांची होती, पागोळ्यांखाली दगड टाकलेले असायचे. पाणी पडायचं आणि निघून जायचं. सपाट गच्चीवर ते थांबतं. एप्रिल-मे मध्ये पारा 40 च्या वर जातो, गच्चीचा कोबा तापून तडकतो, केसाएवढ्या भेगा पडतात. पहिल्या मोठ्या पावसात पाणी त्या भेगांतून खाली उतरतं, विटांच्या तुकड्यांच्या थरात साठतं आणि तिथून सावकाश स्लॅबमध्ये झिरपतं. सळईला गंज चढला की ती फुगते, कारण गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि फुगलेली सळई खालचं काँक्रीट ढकलून देते. आमच्या स्वयंपाकघराच्या छताचा पोपडा असाच पडला. ओट्याशी कुणी नव्हतं म्हणून निभावलं.

दरवर्षी मे अखेर ताडपत्री, डांबराचा पट्टा, भेगांत रसायन. दरवर्षी श्रावणापर्यंत पुन्हा ओल. खर्च तिसऱ्या मजल्यावरची चार घरं वाटून घ्यायची. हा रिवाज कुणी घातला ते ठाऊक नाही. पहिल्या पावसाळ्यात ज्याच्या घरात पाणी आलं त्याने घाईत पैसे काढले असतील आणि मग तेच चालू राहिलं असेल. मी सभेत विषय काढला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे एक भाऊ सरळ म्हणाले, “मॅडम, पाणी तुमच्या डोक्यावर पडतं. आम्ही कशाला भरायचं?” त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. मुलीच्या इंजिनिअरिंगची फी डोक्यावर होती आणि त्यांच्या छताला डाग नव्हता.

त्या सभेनंतर मी उपविधींचं पुस्तक घेऊन बसले. सेक्रेटरी होऊनही ते मी तोवर फक्त कपाटात पाहिलं होतं, आणि इतर बहुतेकांनी तेवढंही नाही. आदर्श उपविधींत याचं उत्तर स्वच्छ आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामायिक पाइपची आणि ड्रेनेजची गळती यांचा खर्च सोसायटीचा. संडास, बाथरूम, सिंक यांतून खालच्या घरात गळलं तर तो ज्याच्या घरातून गळतं त्याचा. गच्ची सोळा जणांची आहे, चौघांची नाही. त्यासाठीच बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के दरवर्षी दुरुस्ती निधीत आणि 0.25 टक्के सिंकिंग फंडात घालायचे असतात. आमच्याकडे दोन्ही निधी कागदावर होते. वर्गणी ठरली होती ती इमारत नवी होती तेव्हा, आणि ती वाढवण्याचा विषय कुठल्याही कमिटीला नको होता.

तरी पुस्तकातल्या कलमाने सभा जिंकता येत नाही. जिंकली ती तळमजल्यावरच्या आजींनी. 26 जुलै 2005 ला उल्हासचं पाणी खालच्या वस्त्यांत शिरलं तेव्हा आमच्या तळमजल्यातही आलं. चारही कुटुंबं वर आली. आमच्या बाहेरच्या खोलीत त्या रात्री तीन घरांची मुलं झोपली होती. पाणी उतरल्यावर मीटरची पेटी वरच्या लँडिंगवर हलवायची ठरली, कंपाउंडची भिंत उंच करायची ठरली, आणि तो खर्च 16 घरांनी समान भरला होता. तिसऱ्या मजल्यावर पुराचं पाणी कधीच चढणार नव्हतं, तरी तिसऱ्या मजल्याने भरला होता. आजी सभेत फारशा बोलत नसत. त्या दिवशी उठून एवढंच म्हणाल्या, “तेव्हा कुणी विचारलं नाही, पाणी कुणाच्या पायाखाली आलं ते. आता डोक्यावरचं का विचारता?” गच्चीवर पत्र्याची शेड घालण्याचा ठराव त्याच सभेत झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊंनी हप्ते मागितले, आणि ते देणं योग्यच होतं.

शेडचं काम लिहायला सोपं वाटतं. नगरपरिषदेची परवानगी, लोखंडाचा सांगाडा, वाऱ्याने उडू नये म्हणून जे-हुक, पन्हळ आणि पाइप. पाइप जाड घ्या, एवढं मी सांगेन. घाटमाथ्याखालचा पाऊस साध्या पाइपातून उतरत नाही, पन्हळीवरून भिंतीवर ओततो आणि मग गळती वरून थांबून बाजूने सुरू होते. आमची तशी झाली आणि दुसऱ्या वर्षी पाइप बदलावे लागले. त्यानंतर मात्र तिसऱ्या मजल्याच्या छतावर ओल दिसली नाही.

शेडने पाणी थांबलं, आधी गंजलेली सळई सुधारली नाही. त्याकडे आमचं लक्ष गेलं ते महाडमुळे. 24 ऑगस्ट 2020 ला आमच्याच जिल्ह्यात महाडच्या काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. 16 माणसं गेली. ती इमारत आमच्यापेक्षा कितीतरी नवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात भेटणारा प्रत्येक जण खांबांकडे बघत उतरत होता, आणि ज्यांनी आधी ‘पडून पडून काय पडणार’ म्हटलं होतं तेच ऑडिटचा विषय घेऊन माझ्या दारात आले. नियम आधीपासून होता. 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी, 30 च्या पुढे दर तीन वर्षांनी. आम्ही पहिल्यांदा केलं ते तेव्हा.

इंजिनिअर हातोडीसारखं यंत्र घेऊन खांबाखांबाला लावत गेले. रिबाउंड हॅमर आपटल्यावर किती उसळतो त्यावरून वरच्या काँक्रीटच्या कडकपणाचा अंदाज येतो. मग आतल्या पोकळ्या शोधायला ध्वनिलहरींची चाचणी. अहवालात लिहून आलं की इमारत दुरुस्त होण्यासारखी आहे, पण जिन्याखालचे खांब आणि संडासांच्या बाजूचे छज्जे लगेच करायला हवेत. सैल काँक्रीट तोडून काढणं, सळई घासून गंज काढणं, लेप देणं, गरज तिथे नवी सळई जोडून खांबाला जॅकेट चढवणं. लोकांना वाटतं, वर प्लास्टर मारलं की झालं. प्लास्टर मारणारा ठेकेदार अर्ध्या पैशात काम करतो आणि गंज आत तसाच वाढत राहतो. इथे स्वस्त दर पाहून काम देऊ नये, हे मी सभेत पुन्हा पुन्हा सांगितलं.

पैसे गोळा करताना कुलूपबंद घरांचा प्रश्न पुढे आला. कर्जत आता सुट्टीचं गाव झालं आहे. जुन्या मालकांनी विकलेली काही घरं मुंबई-ठाण्याच्या लोकांनी शनिवार-रविवारसाठी घेतली आणि मग येणंच थांबवलं. अशा घराला जादा आकार लावा, असा आग्रह अनेकांचा असतो. तो कायद्यात बसत नाही. बिनभोगवटा शुल्क लावता येतं ते घर भाड्याने दिलं असेल तर, आणि तेही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच. घर नुसतं बंद असेल तर नाही. थकबाकीवर व्याज लावता येतं, पण तेही ठरलेल्या मर्यादेतच. खरा त्रास पैशाचा नसतोच. बंद घराच्या भिंतीत पाइप फुटतो, खालच्या घराच्या पलंगावर पाणी टपकतं आणि चावी बोरिवलीत असते. पाणी तर आमच्याकडे असं वाया घालवायचं नसतं. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटलेलं पाणी पेज नदीत येतं म्हणून आमचा उन्हाळा निभतो. आता प्रत्येक बंद घराची एक चावी पाकिटात सील करून कमिटीकडे आहे आणि मुख्य कॉक बंद केल्याशिवाय मालक जात नाहीत. एकाने चावी द्यायला नकार दिला. त्याला कुणी रागावलं नाही. त्याच्या खालच्या घरातली बाई स्वतः फोनवर बोलली आणि पुढच्या शनिवारी चावी आली.

जमिनीचं काम अजून झालेलं नाही. 1963 च्या मोफा कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदल्यानंतर चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. आमच्या सातबाऱ्यावर आजही मूळ शेतकरी कुटुंबाची नावं आहेत, आणि वारस नोंदींमुळे ती वाढत गेली आहेत. आम्ही ज्या घरांना आपलं म्हणतो, भागदाखला दाखवून ज्यावर कर्ज काढतो, त्यांच्या खालची जमीन कागदावर आमची नाही. पुनर्विकासाची बोलणी घेऊन येणारे लोक पहिला प्रश्न हाच विचारतात. 2008 च्या दुरुस्तीने डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाची वाट उघडली. बिल्डर आला नाही तरी जिल्हा उपनिबंधक आदेश देऊ शकतात. आमच्या जिल्ह्यासाठी ते कार्यालय अलिबागला. खोपोली, पेण करत जायचं, एका कागदासाठी सगळा दिवस. प्रत्येक सभासदाचा करारनामा आणि इंडेक्स टू हवा. तीनदा विकल्या गेलेल्या घराची साखळी जुळवताना मधला एक करारनामाच सापडत नाही, अशी दोन घरं आमच्याकडे निघाली. नोंदणी कार्यालयातून त्यांच्या प्रमाणित नकला काढल्या. आता अर्ज तयार आहे.

मला पुनर्विकासाची घाई नाही, हे मी उघड सांगते. समोरच्या रस्त्यावर सात मजले उभे राहताहेत आणि पनवेल-कर्जत लोकलमुळे दर वाढताहेत. पण आमच्यातले निम्मे लोक साठीच्या पुढचे आहेत. तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात काढून परत येऊ, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी जमीन नावावर करून घ्यावी आणि मग बोलावं.

त्याआधी लिफ्ट हवी. दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊंचे गुडघे गेले आहेत आणि आमच्या मजल्यावरच्या एका काकांना डायलिसिसला जाताना दोघांनी खुर्चीत बसवून उतरवावं लागतं. जिन्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून लोखंडी सांगाड्यात लिफ्ट बसते, लिफ्टवाल्यांची माणसं येऊन मापं घेऊन गेली आहेत. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो चौथा विषय आहे. तळमजल्याने पैसे का भरायचे, हा प्रश्न येणार. आजी आता नाहीत, त्यांचा मुलगा राहतो, आणि त्याचं मत काय ते त्याने अजून सांगितलेलं नाही. मी रविवारी त्याच्याकडे जाऊन बसणार आहे.