बाबांच्या तिकिटावरचं गणित

मुलांनो, मुंबई ते दुबई हे अंतर सरळ मोजलं तर सुमारे १९०० किलोमीटर भरतं. शाळेतल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहा, जेमतेम दोन-तीन बोटं! मधे अरबी समुद्र. विमानाला साधारण तीन तास लागतात.

पण आमच्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीचा हिशेब वेगळाच होता. तिचे बाबा दुबईत नोकरीला आहेत. नाताळच्या सुमारास ते आठ दिवस घरी येऊन गेले, तेव्हा तिनं त्यांच्या तिकिटावरच्या वेळा वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतल्या. येताना, दुबईहून दुपारी १.०० आणि मुंबईत संध्याकाळी ५.२०. जाताना, मुंबईहून सकाळी १०.०० आणि दुबईत ११.४५.

"बाई, बाबांना जायला पावणेदोन तासच लागतात. आणि घरी यायला चार तास वीस मिनिटं! म्हणून ते सारखे येत नाहीत का?"

मला क्षणभर काही बोलायला सुचेना. वजाबाकी तर अगदी बरोबर होती. (एरवी हातचा घ्यायला विसरते हो!)

गंमत अशी, की तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, दुबईला नंतर. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. बाबा ११.४५ ला दुबईत उतरले, तेव्हा मुंबईत सव्वा वाजला होता. म्हणजे खरा प्रवास सव्वातीन तासांचा. येतानाच्या वेळेतून तोच दीड तास वजा करा, उरतात दोन तास पन्नास मिनिटं.

घड्याळांतला फरक ठाऊक नसेल तरी अडत नाही. जाण्याचा आणि येण्याचा वेळ मिळवायचा आणि निम्मा करायचा. एकीकडे जो दीड तास कमी दिसतो, तोच दुसरीकडे जास्त दिसतो. फिटंफाट! उत्तर येतं तीन तासांच्या आसपास. तिच्याकडून मी हे फळ्यावर करून घेतलं.

तरी पंचवीस मिनिटांचा फरक उरतोच. तो वाऱ्याचा. हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. दुबईला निघालेल्या विमानाला ते समोरून अडवतात, इकडे येणाऱ्याला मागून रेटतात.

"म्हणजे बाबा घरीच लवकर येतात!" ती म्हणाली. मग खडू हातात तसाच धरून बोटांवर काहीतरी मोजू लागली. बाबा कामावरून सातला सुटतात, म्हणजे आपल्याकडे साडेआठ.

"आणि आजी मला आठलाच झोपवते, बाई! आज सांगतेच तिला, तिथे तेव्हा साडेसहाच वाजलेले असतात."