भामेर, बळसाणे आणि पांझरेचा डोह

सुरतेहून धुळ्याकडे जाणाऱ्या बहुतेक वाहनांच्या लेखी साक्री हे वाटेवरचे एक गाव असते. माल घेऊन निघालेला व्यापारी नवापूर सोडतो, कोंडाईबारीचा घाट चढतो, दहिवेल मागे टाकतो, साक्रीत घटकाभर विसावतो आणि पुढे निघून जातो. खानदेशातील जैन कुटुंबे या तालुक्यात मुद्दाम येतात ती बळसाण्याच्या श्री विमलनाथ भगवंतांच्या दर्शनासाठी. परंतु दर्शन, पूजा, भोजनशाळेतील प्रसाद आणि परतीचा प्रवास, एवढ्यावरच त्यांचीही यात्रा संपते. तीर्थाच्या आसपास एक संपूर्ण दिवस देण्याजोगे काही आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

परदेशात जाणाऱ्या कुटुंबांना अशा दिवसाची कल्पना नवी नाही. मेक्सिकोच्या युकातान भागात प्रवाशांना सकाळी माया लोकांच्या चिचेन इत्झा या प्राचीन नगरीचे अवशेष दाखवतात आणि दुपारी चुनखडीच्या कातळात निसर्गतः तयार झालेल्या खोल कुंडांत पोहायला नेतात. या कुंडांना तेथे सेनोटे म्हणतात. त्या प्रदेशात जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या जवळजवळ नाहीत, त्यामुळे माया लोकांची वस्ती या कुंडांच्या आधारानेच वाढली. चिचेन इत्झा या नावाचा अर्थच मुळी ‘इत्झा लोकांच्या विहिरीच्या मुखाशी’ असा आहे. तेथील मोठ्या पिरॅमिडला चार बाजूंना प्रत्येकी 91 पायऱ्या आहेत आणि वरचा एक टप्पा धरला की वर्षाच्या दिवसांइतकी, म्हणजे 365 ही संख्या भरते. 1988 साली युनेस्कोने या नगरीचा जागतिक वारशात समावेश केला. आधी पाषाण आणि मग पाणी, असा त्या सहलीचा क्रम असतो. साक्री तालुक्यातही हाच क्रम एका दिवसात साधतो. मात्र येथे पाण्याच्या काठी पोहोचल्यावर जैन यात्रेकरूपुढे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून चालत नाही.

नवकारसी पारून साक्रीहून निघालेले वाहन निजामपूरच्या दिशेला लागते. माळावर पवनचक्क्यांच्या रांगा दिसू लागतात. ब्राह्मणवेल परिसरातील पवनऊर्जा प्रकल्पामुळे या तालुक्याचे क्षितिजच बदलून गेले आहे. त्या पांढऱ्या खांबांच्या पार्श्वभूमीवर भामेरचा डोंगर अधिकच काळा वाटतो. पायथ्याच्या गावात शिरतानाच जुन्या वैभवाचे तुकडे दृष्टीस पडतात. पूर्वीच्या दरवाजाचे कोरीव खांब अजून उभे आहेत, आणि येथील कोणत्या घराच्या पायात कोणत्या काळाचा दगड बसला असेल हे सांगणे कठीण आहे. येथे गावातलाच एखादा जाणता माणूस वाटाड्या म्हणून बरोबर घ्यावा. तो अहिराणीत सांगत जातो आणि ऐकणाऱ्या मारवाडी वा गुजराती घरांतील माणसांना ती बोली परकी वाटत नाही. पिढ्यानपिढ्या दुकानाच्या गादीवर बसून त्यांनी तीच ऐकलेली असते. युवनाश्व राजाची भद्रावती नगरी ती हीच, असे तो सांगतो. ही आख्यायिका आहे. डोंगराच्या कातळात मात्र आख्यायिकेची गरज न पडणारा पुरावा आहे. एका ओळीत खोदलेली दालने, पाण्याची टाकी आणि कातळ फोडून काढलेली प्रवेशाची वाट यांवरून येथे मोठी वस्ती नांदत होती हे कोणालाही उमगते.

या दालनांपैकी काहींत तीर्थंकरांच्या आकृती कोरलेल्या आहेत, त्यांत पार्श्वनाथ भगवानही आहेत. वेरूळच्या इंद्रसभेतील कौशल्य येथे शोधू नये. हात साधा आहे आणि पाषाण झिजलेला आहे. तरीही ज्यांनी बळसाण्याला अनेकदा वंदन केले आणि भामेरकडे एकदाही वळून पाहिले नाही, अशा कुटुंबांची पावले येथे आपोआप थबकतात. ना ध्वजा, ना घंटा, ना पुजारी. तरी हात जोडले जातात. वाटाड्याही क्षणभर गप्प राहतो.

भामेरच्या माथ्यावरून चहूकडचा मुलूख दिसतो, आणि हा किल्ला येथेच का, याचे उत्तर तेथे मिळते. सुरत बंदरातून बुऱ्हाणपूरकडे जाणारा व्यापारी मार्ग खानदेशातून जात असे. सतराव्या शतकात रत्नांचा फ्रेंच व्यापारी तावेर्निए या मार्गाने गेला आणि त्याने त्याचे वर्णन लिहून ठेवले. त्याच शतकातील सुरतेचे विख्यात जैन श्रेष्ठी वीरजी व्होरा यांचा व्यवहार बुऱ्हाणपूर आणि आग्र्यापर्यंत पसरलेला होता. कापूस, नीळ आणि मसाले वाहणाऱ्या बैलांच्या तांड्यांना वाटेत तीन गोष्टी लागत: संरक्षण, सावली आणि पाणी. त्यांपैकी संरक्षण देणारी राज्ये गेली, सावली देणारे वाडे पडले. कातळात खोदलेली टाकी मात्र पावसाळ्यानंतर आजही पाणी धरून असतात. संपत्तीचा कोणता भाग टिकतो, याचा हिशोब मांडण्याची सवय असलेल्या वाचकांना या उदाहरणावर अधिक भाष्य नको.

निजामपूर-जैताणे ओलांडून पुढे गेले की बळसाणे येते. तेराव्या तीर्थंकरांच्या, श्री विमलनाथांच्या या तीर्थाची कीर्ती आता खानदेशाबाहेरही पसरली आहे. ही प्रतिमा येथील भूमीतूनच प्रकट झाली अशी परंपरा आहे. स्नान, पूजा आणि चैत्यवंदन आटोपून भोजनशाळेत पंगत बसते. पायी विहार करून आलेल्या साधू-साध्वींचा योग असल्यास व्याख्यानही लाभते. बहुतेक बसगाड्या यानंतर परत फिरतात, आणि येथेच एक उणीव राहून जाते.

त्याच गावात मध्ययुगीन मंदिरांचा एक समूह उभा आहे. त्याला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. हेन्री कझेन्स या अभ्यासकाने दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवर लिहिलेल्या आणि 1931 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बळसाण्याच्या मंदिरांची नोंद घेतली आहे. येथील एका मंदिराची रचना विशेष आहे. एकाच सभामंडपाला तीन बाजूंनी तीन गाभारे जोडलेले आहेत. खांबांवरील कोरीवकाम आणि छतातील दगडी नक्षी पाहताना मान अवघडते, पण दृष्टी हटत नाही. गावकरी या मंदिरांना हेमाडपंती म्हणतात. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला. या शैलीचे बांधकाम त्याच्याही आधीपासून खानदेशात होत होते. चुन्याचा आधार न घेता घडीव दगड एकमेकांत बसवण्याचे हे तंत्र आहे, आणि त्या सांध्यांनी शतकानुशतके भार पेलला आहे.

ही मंदिरे जिनालये नव्हेत, म्हणून ती पाहण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही ज्येष्ठ विचारतात. त्याचे उत्तर अनेकांताच्या शिकवणीतच आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेने घडवलेला पाषाण आदराने पाहिला, तर आपल्या सम्यक्त्वाला बाधा येत नाही. उलट आपले तीर्थ ज्या भूमीवर उभे आहे तिचा पूर्वेतिहास समजतो. येणाऱ्या शेकडो कुटुंबांनी अर्धा तास तेथे घालवला, तर गावातील मुलांनाही या दगडांचे मोल कळेल. ज्या अवशेषांकडे कोणी फिरकत नाही, त्यांच्यावर झुडपे वाढतात आणि शिळा हळूहळू गोठ्यांच्या भिंतींत जातात. संरक्षित स्मारकाची पाटी एकट्याने ते थांबवू शकत नाही.

दुपार कलली की वाहन पुन्हा साक्रीकडे आणि तेथून पिंपळनेरच्या बाजूला वळते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावर याच तालुक्यात उगम पावणारी पांझरा येथून वाहते आणि पुढे धुळे शहर ओलांडून तापीला मिळते. तिच्यावर सामोडे आणि इतर गावांजवळ जुने बंधारे आहेत. त्यांच्या आधारे चालणारी फड बागायत हे खानदेशाचे एक मोठे सामाजिक धन आहे. बंधाऱ्याने अडवलेले पाणी पाटाने, केवळ उताराच्या बळावर शेतात जाते. पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडतात, तेच फड. एका फडात एका हंगामाला सर्वांनी एकच पीक घ्यायचे. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असते. त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवावा लागला, तरी तोटा एकट्याच्या माथी बसत नाही. पाणी पाटकरी वाटतो, पिकाची राखण जागल्या करतो आणि त्यांचा मेहनताना सारे मिळून देतात. भागीदारीचा धर्म जाणणाऱ्या समाजाला ही व्यवस्था लगेच कळते. विहिरी, विद्युतपंप आणि वरच्या अंगाच्या धरणांच्या काळात ती अनेक ठिकाणी क्षीण झाली आहे, ही तितकीच खरी गोष्ट.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला डोह असतो. पावसाळ्यानंतर त्यात निवळ पाणी साचते आणि गावची पोरे काठावरून सूर मारतात. सहलीतील मुलेही कपडे सावरत पुढे सरसावतात. त्या क्षणी घरातील वडीलधाऱ्यांपुढे प्रश्न उभा राहतो: अणगळ पाण्यात, अप्कायाच्या असंख्य जीवांमध्ये, केवळ मौजेसाठी उतरावे काय?

‘नाही’ म्हणून मुलांना गाडीत बसवणे सोपे आहे, आणि ‘हल्ली सगळेच पोहतात’ म्हणून डोळेझाक करणे त्याहून सोपे. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक या दोन्हींहून निराळी वाट दाखवतो. आनंद हा वाणिज्यग्रामचा धनाढ्य गृहस्थ होता. चार कोटी सुवर्णमुद्रा निधीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात असे त्याचे वैभव सूत्रात वर्णिले आहे. भगवान महावीरांसमोर व्रते घेताना त्याने स्नानाच्या पाण्याचीही मर्यादा बांधून घेतली: आठ घडे, अधिक नाही. ज्याला सरोवर विकत घेता आले असते, त्याने आठ घडे मोजले. याच व्रताच्या अतिचारांत श्रावकाने टाळावयाची पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, आणि त्यांत सरोवरे, डोह व तळी आटवण्याचा व्यवसाय स्पष्ट नोंदवलेला आहे. पाणी आटवणे हा व्यापाऱ्याचा दोष आहे, हे शास्त्राने पंपांच्या पुष्कळ आधी सांगून ठेवले आहे.

म्हणून डोहाच्या काठी जाणती कुटुंबे जो मार्ग धरतात, तो लक्षात घेण्यासारखा आहे. व्रतधारी काठावरच बसतात. लहानांना पाण्यात पाय सोडून बसू देतात. उतरणाऱ्यांना साबण, तेल आणि प्लॅस्टिक यांची मनाई असते, आणि जयणा म्हणजे काय हे तेथेच, पाण्याकडे बोट दाखवून समजावले जाते. युकातानच्या सेनोटेंमध्येही उतरण्यापूर्वी अंगावरची मलमे धुऊन टाकायला सांगतात. पाण्याचा मान राखण्याची ही तेथील रीत. शिवाय डोहाची खोली वरून कळत नाही. गावच्या माणसाला विचारल्याशिवाय पोहता येणाऱ्यानेही पाऊल टाकू नये. पाणी वाहते असेल तर बंधाऱ्याच्या भिंतीवर चढूच नये.

या सहलीला कार्तिकी पौर्णिमेनंतरचे, थंडीचे दिवस उत्तम. पावसाळ्यात भामेरची वाट निसरडी असते आणि गवतात जीवजंतू फार, तर चैत्रानंतरचे खानदेशी ऊन कातळावर टिकू देत नाही. मार्गशीर्षात गेल्यास या भागातील कोकणा आणि भिल्ल पाड्यांवर डोंगऱ्या देवाचा उत्सव चालू असतो. रात्री दूरवर पावरीचे सूर ऐकू येतात, आणि डोंगराला देव मानणारी माणसे डोंगराशी कशी वागतात हेही दिसते.

हिवाळ्याचा दिवस लहान असतो. सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी साक्री गाठून जेवण उरकावे लागते, म्हणून पांझरेचा काठ मनात असतो त्याहून थोडा लवकरच सोडावा लागतो. मुले ओल्या पायांनी गाडीत चढतात. घरून आणलेले, गाळून उकळलेले पाणी तांब्यात उरलेले असते. ते कोणी ओतून देत नाही. घोट घोट करून सारे जण संपवतात आणि चौविहाराचे पच्चक्खाण घेतात.