हलगी कुणाच्या हुकमाची

यंदा चैत्रात गावच्या यात्रेला गेले होते. छबिना निघायच्या आधी पोरांनी पिशव्यांतून हलग्या काढल्या आणि लगेच वाजवायला सुरुवात केली. मी वाट बघत होते, आता कुणीतरी पाचट पेटवेल, हलगी जाळावर धरेल, कातडं तापेल. कुणी काही पेटवलं नाही. हलग्यांना फायबरची पानं होती. ती दवाने सैल पडत नाहीत आणि त्यांना शेकावंही लागत नाही. आवाज खणखणीत होता. पण तापल्या कातड्याचा वास नव्हता, आणि देवळाच्या पायरीवर बसल्या बसल्या मला रडू आलं. भावजय म्हणाली, "वन्सं, ऊन लागलं का?"

तो वास म्हणजे आबा. संगमनेर तालुक्याच्या पठार भागातलं आमचं गाव, आणि आबा मातंग वस्तीतले, गावचे हलगीवाले. यात्रेत त्यांच्या खांद्यावरून हलगी उतरत नसे. सकाळी शेरणी वाटताना हलगी, रात्री छबिन्यापुढे हलगी, दुसऱ्या दिवशी तमाशाच्या हजेरीला आणि दुपारी कुस्त्यांच्या हगाम्यातही तीच. आवाज बसला की ते बाजूला जात, मूठभर पाचट पेटवून हलगी त्यावर फिरवत, टिचकी मारून कान लावत. अजून नाही. अजून नाही. मग एकदम हसत. आम्ही पोरं त्या हसण्यासाठी भोवती उकिडवी बसलेली असायचो.

पण ते वाजवायचे पायरीच्या खाली उभं राहून. वर्षाचं धान्य, यात्रेत नारळ आणि वरून वाढलेली पोळी, एवढ्यावर. गावातलं कुणीही त्यांना "वाजव रे" म्हणू शकत असे. मिसरूड न फुटलेला माझा चुलतभाऊ साठीतल्या आबांना तसं म्हणाला होता. आबांनी त्याच्याकडे न बघता टिपरू उचललं होतं.

माझ्या मनात मात्र जे आबा घर करून आहेत ते यात्रेतले नाहीत. ते 1973च्या उन्हाळ्यातले, दुष्काळी कामावरचे. पाऊस गेलेला, विहिरी कोरड्या, दावणी रिकाम्या. माळावर खडी फोडायला अख्खा गाव, एरवी एकमेकांच्या सावलीला न बसणारी माणसं एकाच उन्हात. आम्हा पोरांना सुकडी मिळायची, म्हणून मी आईच्या मागे जायची. एका दुपारी खडीची मापं घेताना काहीतरी कमी लावलं गेलं. कुजबुज सुरू झाली, पुढे कुणी होईना. आणि आबांनी घमेलं पालथं घातलं, हातोडीचा दांडा उलटा धरला आणि वाजवायला लागले. ठेका छबिन्याचा नव्हता, कुस्तीचाही नव्हता. एकेक हातोडी थांबत गेली. खडी फुटण्याचा आवाज पूर्ण बंद झाला आणि माळावर फक्त ते घमेलं राहिलं. आईने माझं मनगट धरून मला उभं केलं. मापं पुन्हा घेतली गेली.

आबा तेव्हा गायले का? थोरला भाऊ म्हणतो, शब्द नव्हतेच. आई म्हणायची, गायले. माझ्याकडे ठेका आहे. आजही भाकरी थापताना तो कधी कधी हातात येतो.

इथे मला अनंत फंदी आठवतात, आणि ते आठवले की विषय वाकडा जातो, तरी सांगते. 1744 ते 1819 हा त्यांचा काळ. ते आमच्या संगमनेरचे. गावात त्यांच्या नावाने व्याख्यानमाला होते. 1795ची खर्ड्याची लढाई झाली ती याच जिल्ह्यात, जामखेडकडे, आणि तिच्यावर पोवाडा रचला तो या शाहिराने. त्यांची एक आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. अहिल्याबाई होळकरांनी त्यांना तमाशात डफावर गाताना पाहिलं आणि ब्राह्मणाला हे शोभत नाही, असं सुनावलं. फंदींनी त्यांच्यासमोर डफ फोडला आणि कीर्तनाला उभे राहिले. अहिल्याबाई चौंडीच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्याच्या लेक. आता जिल्ह्यालाच त्यांचं नाव आहे. दर 31 मे रोजी चौंडीत जयंतीला ढोलांचा गजर होतो, गजी नृत्य होतं. त्या बाईंवर माझा जीव आहे. पण त्या गोष्टीतला फुटलेला डफ माझ्याने ओलांडवत नाही. एकाला सांगितलं, डफ टाक, तुझ्या जातीला शोभत नाही. दुसऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं, वाजव, तुझ्या जातीचं कामच ते. दोघांपैकी कुणालाही विचारलं नाही की, बाबा, तुला काय वाटतं?

म्हणून लोकसंगीत हे जनतेच्या निषेधाचं संगीत आहे, असं कुणी सहज बोललं की मला थांबवावंसं वाटतं. ते आपोआप तसं नसतं. हलगीने पाटलाच्या वरातीतही ठेका धरला आहे आणि दवंडीतही. तिला बंडाकडे वळवावं लागलं, आणि ते वळवणारे हात आपल्याच मातीतले होते. तरवडीच्या मुकुंदराव पाटलांनी 1910 पासून 'दीनमित्र' चालवला. गावकामगाराच्या जुलमावर 1913मध्ये त्यांनी 'कुलकर्णी लीलामृत' लिहिलं ते पोथीच्याच थाटात, म्हणजे ऐकायला बसलेल्या माणसाला बसल्या जागी कळावं असं. सत्यशोधक जलशांनी आणि मग आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साज घेतला आणि आतला माल बदलला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी 1944मध्ये लालबावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊंच्या तमाशात गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आलं. सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा लोकनाट्य म्हणून तो पुन्हा उभा राहिला. हसवून जवळ आणायचं आणि मग डोळ्यांत डोळे घालून सांगायचं, ही विद्या या माणसांनी जपली.

आणि न वाजवणं? तेही या गाण्यातच धरलं पाहिजे. बाबासाहेबांच्या हाकेवर गावोगावी गावकीची कामं नाकारली गेली, 1958च्या कायद्याने महार वतनं गेली, आणि पुढे कितीतरी घरांत हलगी खुंटीवरून उतरलीच नाही. आबांच्या मुलाने हलगीला हात लावला नाही. भोसरीत कारखान्यात लागला. गावात लोक हळहळले, कला बुडाली म्हणाले. मला ती हळहळ कधी सोसली नाही. ज्यांनी पायरी चढू दिली नाही, त्यांनी कलेसाठी डोळे पुसू नयेत.

माझा एक जुना राग आहे, तोही इथेच काढते. उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरांतून लोककला महोत्सव भरतात. अशाच एका ठिकाणी मी आबांना घेऊन गेले होते. फेटा बांधला, दहा मिनिटं दिली, आणि ते दुष्काळाबद्दल बोलायला लागले तसा माइक बंद झाला. "आजोबा, नुसतं वाजवा." शब्द कापून उरलेला ताल सजावटीला ठेवायचा, हे मला वेठीइतकंच क्रूर वाटतं.

कारण शब्दांची धार अजून गेलेली नाही. मे 2015मध्ये शिर्डीत लग्नासाठी आलेला, नर्सिंग शिकणारा एक दलित तरुण मारला गेला. त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांवरचं गाणं वाजलं आणि त्यावरून वाद पेटला, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. लग्नसराईचे दिवस, जयंतीला महिना उलटलेला. ज्या गाण्यासाठी जीव जातो ते गाणं महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत मावत नाही.

26 एप्रिल 2023ला आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले इथून किसान सभेचा मोर्चा लोणीकडे निघाला. वनजमिनी, दुधाचा भाव, पिकांची भरपाई अशा मागण्या होत्या. दुसऱ्या दिवशी धांदरफळला मंत्री आले, बोलणी झाली आणि मोर्चा थांबला. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. डांबर वितळत होतं, बायकांच्या डोक्यावर गाठोडी होती, आणि एक म्हातारी रिकाम्या स्टीलच्या डब्यावर चमचा आपटत चालली होती. माझ्यासमोर पुन्हा तो माळ उभा राहिला. ते घमेलं. ते थांबत गेलेले हात.

त्या म्हातारीमुळेच असेल, मला संगमनेरचा हनुमान जयंतीचा रथ आठवला. 23 एप्रिल 1929ला ब्रिटिश पोलिसांनी मिरवणुकीला बंदी घातली. पुरुष अडले, बायका पुढे झाल्या आणि त्यांनी रथ ओढून नेला. तेव्हापासून रथाचा मान बायकांचा. आज त्या रथावरचा ध्वज पोलीसच वाजतगाजत आणतात. उतारवयात आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा मी तिला दोराला हात लावायला घेऊन गेले. गर्दीतून बाहेर आल्यावर ती पाणी प्याली आणि मी काहीही न विचारता खडीच्या कामावर बोलायला लागली. माप कमी लावलं हे आधी बायकांनी हेरलं होतं. टोपल्या त्याच मोजायच्या ना. जात्यावर काय नाही म्हटलं आम्ही, ती म्हणाली, सासूला, सावकाराला, देवाला, पण ते घराच्या आत. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी अशा लाखाहून जास्त ओव्या खेड्यापाड्यांतून गोळा केल्या आहेत. त्यांत माझ्या आईसारख्या किती बायकांचा राग दळला गेला असेल! त्या दिवशी माळावर जातं नव्हतं, आणि बाईने मोठ्याने बोलायची रीत नव्हती. मग त्यांनी काय केलं?

"आम्हीच म्हणालो त्याला," आई म्हणाली. "दादा, वाजवा."