काकडीच्या माळावरचा हिशेब

सकाळी हैदराबादच्या तिकिटाचा एक भाव होता. मी जेवून येईतो तो दीडपट झाला आणि चारच्या चहाला पुन्हा खाली आला. विमान तेच, खुर्ची तीच, तारीखही तीच. समोर सिकंदराबादचे एक आजोबा, सून आणि दोन नातवंडं घेऊन बसलेले. त्यांना नेमका कोणता आकडा सांगावा ते मला कळेना. भाच्याला हाक मारली.

"अरे, हा भाव ठरवतो कोण?"

"कंपनीचं मशीन, मामा. दिसेल तो सांगा आणि लगेच बुक करा. विचार करत बसलात की वाढतो."

साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात हयात काढलेल्या माणसाला हे पचायला अवघड. आमच्या धंद्यात दोन्ही टोकांना सरकार बसलेलं. उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, केंद्र ठरवणार, आणि साखर किलोला ३१ रुपयांच्या खाली विकायची नाही हे २०१९ साली केंद्रानंच ठरवलं. मधल्या फटीत कारखान्यानं जगायचं. ती फट मोजण्यातच माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून शिर्डीत भाच्याच्या ट्रॅव्हल्सच्या दुकानात बसायला लागलो, तर इथे भावालाच बूड नाही.

भाच्यानं समजावलं ते असं. विमानातल्या खुर्च्या कंपनी आधीच गटांत वाटून ठेवते, त्या गटाला बकेट म्हणतात. स्वस्त बकेट संपली की महागाची उघडते. मागणी मंदावली तर बंद केलेली पुन्हा उघडते. त्यामुळे शेजारीशेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात आणि दोघांनाही ते ठाऊक नसतं. "विमान उडालं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य, मामा," तो म्हणाला. हे मात्र मला लगेच उमगलं. न विकलेली साखर निदान गोदामात पडून राहते, तिच्यावर बँक तारण कर्ज देते. न विकलेल्या खुर्चीवर कोण कर्ज देणार?

विमानतळ शिर्डीचा म्हणायचा, पण तो आहे कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावच्या माळावर, शिर्डीपासून पंधराएक किलोमीटर. पाण्याची कायम ओढ असलेला कोरडवाहू मुलूख. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीनं तो बांधला आणि साईबाबांच्या समाधीच्या शताब्दी वर्षाच्या आरंभी, १ ऑक्टोबर २०१७ ला, राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. सुरुवातीला अलायन्स एअरची पंख्याची छोटी एटीआर विमानं मुंबईला आणि हैदराबादला जायची. त्या वेळी आमच्याकडे सगळे मुंबईचंच बोलत. मंत्रालयात सकाळी जाऊन संध्याकाळी घरी, असं पुढाऱ्यांनी आणि अर्ध्या तालुक्यानं मनात मांडलेलं.

गिऱ्हाईक मात्र निघालं दुसरंच. आमच्या दुकानात मुंबईचं तिकीट मागणारा क्वचितच येतो, आणि त्याचं कारण काउंटरवर बसल्या बसल्या दिसतं. २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबई–साईनगर शिर्डी वंदे भारत सुरू झाली. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा त्याच्या दोन महिने आधी खुला झाला होता आणि २०२५ च्या जूनमध्ये शेवटचा तुकडा जोडला गेला. घरून निघून विमानतळावर तासभर आधी पोहोचा, तपासणीच्या रांगेत उभे राहा, मुंबईत उतरून पुन्हा टॅक्सी शोधा. एवढ्या वेळात माणूस गाडीनं कसाऱ्याचा घाट उतरून गेलेला असतो. विमानाचा खरा फायदा लांबच्या माणसाला. हैदराबादहून रेल्वेनं आख्खी रात्र खाणारा प्रवास विमानानं तासा-सव्वा तासाचा होतो. म्हणून हैदराबाद, चेन्नई, बंगळुरू, दिल्ली. शिर्डीतला हार-प्रसादवाला तेलुगू बोलतो ते काही हौसेनं नव्हे. मीही आता "रंडी, कूर्चोंडी" एवढं शिकलोय. पहिला शब्द मराठी कानाला दचकवतो, पण तेलुगूत तो आदरानं "या" म्हणण्यासाठी आहे.

मग आला धुक्याचा धडा. थंडीत एका सकाळी भाचा फोनवर फोन घेत होता. विमान येणार की नाही हे कुणी सांगेना. आकाश तर मला स्वच्छ दिसत होतं. "पाच किलोमीटरपर्यंत दिसायला हवं, मामा," म्हणाला. धावपट्टीवर नुसत्या डोळ्यांनी उतरायचं असेल तर वैमानिकाला एवढी दृश्यता लागते. मोठ्या विमानतळांवर आयएलएस नावाची यंत्रणा असते, ती रेडिओलहरींच्या आधारानं विमान धुक्यातूनही पट्टीशी आणते. ती नसली की सगळा भार डोळ्यांवर. २०१९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये याच कारणानं शिर्डीची विमानं चारेक आठवडे जवळजवळ ठप्प होती, ते मी तेव्हा पेपरात वाचून पान उलटलं होतं. आता त्याचा अर्थ कळतो: तेवढे दिवस टॅक्सीवाले, हॉटेलं आणि हारवाले यांच्या गल्ल्यात खड्डा.

उन्हाळ्याचं कोडं वेगळं. तापलेली हवा पातळ असते, पंखांना उचल कमी मिळते, म्हणून तेवढंच वजन उचलायला विमानाला जास्त पट्टी पळावं लागतं. काकडीची पट्टी २५०० मीटरची. ती ३२०० मीटर करायची ठरलंय ते थाटासाठी नव्हे. भर मे महिन्यात भरलेलं मोठं विमान लांबच्या शहरासाठी उचलायचं तर ते सातशे मीटर कामी येतात.

इथवर मला वाटत होतं की बाकी सगळं नीट असेल. भारतातली देशांतर्गत वाहतूक जगात तिसऱ्या क्रमांकाची; इंडिगोनं २०२३ च्या जूनमध्ये एका दमात ५०० विमानांची मागणी नोंदवली, एअर इंडियानं त्याच वर्षी ४७० ची. एवढी गर्दी म्हटल्यावर पैसा असणारच. जुनी सवय म्हणून मी कंपन्यांचे छापील ताळेबंद मिळवून वाचायला बसलो आणि तिथे खरा गोंधळलो.

या धंद्यात माणसं वाढतात आणि कंपन्या मरतात. किंगफिशर २०१२ साली बसली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. गो फर्स्टनं २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला.  मी खर्चाची बाजू काढली. सगळ्यात मोठा घास इंधनाचा, खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून चाळीस टक्क्यांपर्यंत. हे इंधन जीएसटीच्या बाहेर, म्हणजे त्यावर भरलेल्या कराचा परतावा नाही. वर प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. आपल्या राज्यात मुंबई-पुण्यात तो २५ टक्के होता, २०२३ च्या अर्थसंकल्पात १८ वर आणला; छोट्या गावांना जोडणाऱ्या उडान योजनेतल्या विमानतळांवर मात्र एक टक्का. मग जिथे स्वस्त तिथे टाकी भरून घ्यायची, ही कंपन्यांची रीत.

बहुतेक विमानं भाड्याची आणि भाडं डॉलरमध्ये. तिकीट विकायचं रुपयात, भाडं भरायचं डॉलरमध्ये. रुपया घसरला की एकही प्रवासी कमी न होता तोटा. गो फर्स्टच्या वेळी तर वेगळीच पंचाईत झाली. विमानांचे परदेशी मालक आपली विमानं न्यायला आले, तर दिवाळखोरीच्या कायद्यानं ती अडकलेली. भाड्यानं दिलेला ट्रॅक्टर घेणाऱ्याच्या कर्जापायी जप्तीत गेला तर मालक पुढच्या हंगामाला त्या गावात ट्रॅक्टर पाठवताना दर वाढवणारच. तशी चिन्हं दिसल्यावर सरकारनं आधी सवलतीची अधिसूचना काढली आणि २०२५ मध्ये मालकांच्या हक्काचा स्वतंत्र कायदा केला. आता देशातल्या दहांतले सहा प्रवासी एकट्या इंडिगोचे, आणि बराचसा उरलेला वाटा टाटांकडे परत गेलेल्या एअर इंडियाचा. उसाला एकच कारखाना उरला की शेतकऱ्याचं काय होतं हे आमच्या जिल्ह्याला सांगायला नको.

मला जास्त छळलं ते उडाननं. २७ एप्रिल २०१७ ला शिमला–दिल्लीबरोबरच आपलं नांदेड–हैदराबाद सुरू झालं. तासाभराच्या प्रवासाला काही खुर्च्या अडीच हजारांच्या आत, तूट तीन वर्षं सरकार भरणार. नांदेडला यायची ती ट्रूजेट आता उडत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात जळगावला मुंबईहून विमान आलं आणि थोड्याच महिन्यांत थांबलं. महालेखापालांचा उडानवरचा २०२३ चा अहवाल मी मुद्दाम वाचला. पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ च सुरू झाले. त्यांतल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली. २०२३ च्या मार्चपर्यंत त्यांतले टिकले ५४. हे आकडे मी दोनदा ताडून पाहिले. अनुदानावर उभं राहिलेलं अनुदान संपल्यावर बसतं, हे सहकारात मी इतकं पाहिलंय की आश्चर्य वाटायला नको होतं. तरी वाटलं, कारण विमान म्हटलं की आपण ते वेगळ्या जातीचं काहीतरी समजतो.

शिर्डीचं मात्र बरं चाललं, त्याचं कारण असं असावं. जळगावला विमान आलं तेव्हा प्रवासी शोधावे लागले. शिर्डीला प्रवासी शंभर वर्षं आधीच येत होते, विमान मागाहून आलं. गुरुपौर्णिमा, रामनवमी, दसरा आणि वर्षाचा शेवट, या गर्दीत मशीन स्वस्त बकेटा उघडतच नाही. माझं मत विचाराल तर माळावर पट्टी बांधून शहर घडत नाही.

आता यातलं नगर जिल्ह्याला काय मिळतं? हा प्रश्न मला एका ओळखीच्या बागायतदारानं विचारला, राहात्याच्या पेरूवाल्यानं. "दादा, आमचा पेरू पोटातनं जाईल का?" पोट म्हणजे विमानाचं. मी उत्साहानं कागद घेतला. छोट्या एटीआरमध्ये सामानाला जागा मुळात बेताची. मोठ्या विमानात जागा असते, पण परत जाणारा भक्त १५ किलोची मुभा काठोकाठ भरून नेतो: लाडू, उदी, मूर्ती, पैठणी. उरलेल्या जागेचा भरवसा आदल्या दिवशी कुणी देत नाही, आणि पिकलेला पेरू दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. शिवाय शीतगृह हवं, वजन-तपासणीची सोय हवी, हैदराबादेत माल उतरवून घेणारा आडत्या हवा. पेरूवाल्यानं ऐकून घेतलं आणि माल नेहमीसारखा ट्रकनं पाठवला. त्याचं बरोबरच होतं.

मिळतं ते रस्त्यावर. काकडी आणि आजूबाजूच्या गावांतली पोरं टॅक्सी चालवतात, सुरक्षेत आणि साफसफाईत लागतात. विमान चालवणारा किंवा दुरुस्त करणारा आमच्या पंचक्रोशीतला मला अजून भेटला नाही. ते शिक्षण महाग, आणि त्याची दुकानं दुसरीकडे. साखरेच्या वेळी असं नव्हतं. विठ्ठलराव विख्यांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला तेव्हा मशिनरी बाहेरून आली, पण मालक आणि मजूर इथलेच होते.

तरी हालचाल आहे. २०२५ च्या मार्चअखेरीपासून रात्रीची विमानं उतरायला लागली, त्यामुळे हैदराबादचा माणूस दुकान बंद करून निघतो आणि पहाटेच्या काकड आरतीला उभा असतो. ६४५ कोटींहून अधिक खर्चाच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी पंतप्रधानांनी ९ ऑक्टोबर २०२४ ला दुरून, पडद्यावरून केली. नव्या इमारतीच्या रूपात साईबाबांचा कडुनिंब असणार आहे. २०२७ च्या नाशिकच्या सिंहस्थाचीही सगळे वाट बघताहेत.

या सगळ्याच्या जोरावर भाच्यानं कर्जानं दुसरी इनोव्हा घ्यायची ठरवली आणि हप्त्यांचा तक्ता माझ्याकडे दिला. मी डिसेंबर-जानेवारीच्या फेऱ्या धुक्यापायी निम्म्या धरल्या, जुलै-ऑगस्टच्या तिसऱ्या हिश्श्यानं कमी, आणि एखादी कंपनी अचानक मार्ग बंद करील म्हणून एक आख्खा महिना कोरा सोडला. "मामा, एवढं घाबरून धंदा होतो का?" तो म्हणाला. मी तक्ता बदलला नाही. सही करायच्या आधी त्यानं तो बँकेत दाखवला, तर तिथल्या अधिकाऱ्यानं डिसेंबरच्या फेऱ्या माझ्याहूनही कमी धरल्या.