गळती कुठून?

धुळे-सुरत महामार्गावर विसरवाडीच्या पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो. धुळ्याकडे जाताना तो चढ, आणि जुन्या जीपच्या रेडिएटरची परीक्षा चढावरच होते. मागे आजी बसली होती. धुळ्याला दवाखान्यात तिची दुपारची वेळ होती.

बॉनेटखालून हिरवट थेंब पडत होते. मिस्त्रींनी टोपणाला हात लावू दिला नाही. बंद टोपणाखालच्या दाबामुळे पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण उघडलं की दाब सुटतो आणि वाफ थेट अंगावर. "आधी गार होऊ द्या."

थेंब खाली, पण चीर वरच्या होस पाइपला, अगदी क्लिपखाली. पाइपात थोडी ढील होती, म्हणून चिरलेलं टोक कापून तोच परत बसवला, नवी क्लिप आवळली. कूलंट-पाणी भरलं आणि आतली हवा निघेपर्यंत इंजिन चालू ठेवलं.

"रबर म्हातारं झालंय. धुळ्यापर्यंत जाईल, तिथे नवा पाइप टाका."

"माझंही तेच," आजी मागून म्हणाली.

आमच्या कोडमध्ये असल्या तात्पुरत्या दुरुस्त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात. धुळ्यात आजीला तपासायला आत नेलं, तेवढ्यात मी नवा पाइप घेऊन आलो.